दरड कोणाच्या खात्यात?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला आणि दूधसागरचे फोटो फिरू लागले की आपल्याकडे एक मागणी ठरलेली असते. जपानमध्ये खेड्यापाड्यांतल्या डोंगरांवर खासगी कंपन्या छोट्या पर्यटक गाड्या चालवतात, मग गोव्यातल्या कुळ्याहून वर घाटात तशीच एक गाडी का नको? मागणी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा शिझुओका प्रांतातल्या ओइगावा रेल्वेचे चित्र असते. हिरवेगार तळे, त्यात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर एकच स्थानक, दोन्ही बाजूंना लाल पूल. चित्र खरे आहे, कंपनी खासगी आहे हेही खरे. पण ती गाडी वर कशी चढते आणि तिच्या डोंगराचा खर्च कोण उचलतो, या दोन गोष्टी त्या चित्रात दिसत नाहीत. म्हणून हे पत्र, जरा लांबलेले.

पहिल्यांदा रचना. ओइगावा रेल्वेचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. खालचा मुख्य मार्ग कानाया ते सेन्झु, ३९.५ किलोमीटर, नदीकाठाने जाणारा, संपूर्ण विद्युतीकरण झालेला. तो १९३१ मध्ये पूर्ण झाला. याच मार्गावर १९७६ पासून वाफेची इंजिने नियमित धावू लागली. जपानच्या सरकारी रेल्वेने वाफ मोडीत काढली त्याच सुमारास या छोट्या कंपनीने ती पुन्हा पेटवली. त्यातले सी ५६ जातीचे ४४ क्रमांकाचे इंजिन युद्धकाळात थायलंडला गेले होते आणि १९७९ मध्ये परत आणले गेले. सेन्झुच्या पुढे सुरू होते ती इकावा शाखा, २५.५ किलोमीटर, स्थानके १४, बोगदे ६१. फोटोतली गाडी ती हीच.

इकावा शाखा पर्यटकांसाठी बांधलेली नाही. ओइ नदीवर वीजनिर्मितीची धरणे बांधायची म्हणून १९३५ मध्ये तिचा खालचा भाग टाकला गेला, तोही ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर. पुढच्याच वर्षी रूळ १०६७ मिलिमीटरचे झाले, म्हणजे जपानच्या नेहमीच्या मापाचे. बोगदे मात्र अरुंदच राहिले. आजही तिथले डबे इतके बुटके आणि निरुंद आहेत की नेहमीच्या डब्याशेजारी उभे केले तर खेळण्यातले वाटावेत. ‘टॉय ट्रेन’ म्हणून लोक त्यांचे कौतुक करतात. कारण साधे आहे: बोगदा रुंद करायला पैसे लागतात, डबा लहान करायला कमी लागतात. १९५४ मध्ये इकावा धरणाच्या सिमेंटसाठी आणि यंत्रांसाठी मार्ग वरपर्यंत नेला, १९५७ मध्ये ते धरण पूर्ण झाले, आणि १९५९ पासून ओइगावा रेल्वे त्यावर प्रवासी गाड्या चालवू लागली. रूळ, बोगदे, पूल मात्र चुबु इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्याच मालकीचे राहिले. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तोच महत्त्वाचा आहे.

आता चढ. या शाखेवर आब्ट इचिशिरो ते नागाशिमा धरण हा दीड किलोमीटरचा तुकडा हजार मीटरला ९० मीटर चढतो. जपानमध्ये आज दात्यांच्या रुळावर, म्हणजे मधोमध दातेरी पट्टी असलेल्या रुळावर चालणारी ही एकमेव रेल्वे. आधी तिथे असा चढ नव्हता. सरकारने नागाशिमा धरण बांधायला घेतले, जुना मार्ग पाण्याखाली जाणार होता, म्हणून वरून नवा मार्ग काढावा लागला. उंची गाठण्यासाठी लांब वळसे घ्यायचे की थेट चढायचे, या प्रश्नावर त्यांनी थेट चढ निवडला आणि २ ऑक्टोबर १९९० पासून दात्यांची पट्टी वापरात आली. तळ्यातल्या सोंडेवरचे ओकुओइ-कोजो स्थानकही या नव्या मार्गावरचेच, तेव्हा ते निसर्गाचे देणे कमी आणि धरणाचे जास्त.

हजारास ९० म्हणजे किती, हे आकड्यांनीच कळते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर पकडीने चालते. कोरड्या, स्वच्छ रुळावर ही पकड चाकावरच्या वजनाच्या साधारण पाव भागाइतकी मिळते. ओला पाला रुळावर चिकटला की ती दहाव्या भागावर किंवा त्याखाली येते. ९० च्या चढावर प्रत्येक टनाला वर ढकलायला ९० किलो जोर लागतो, शिवाय घर्षणाचे चार-पाच किलो. तिथले विजेचे इंजिन ५६ टनांचे आहे. कोरड्या दिवशी ते १४ टनांचा जोर लावू शकेल, त्यातला सव्वापाच टन स्वतःला उचलण्यातच जाईल आणि उरलेल्यात ९० टनांची गाडी कशीबशी चढेल. ओल्या पाल्याच्या दिवशी मिळेल साडेपाच टन. म्हणजे इंजिन स्वतःला वर नेईल आणि मागे एक डबाही जोडता येणार नाही. खरी भीती तर उतरतानाची. पकड सुटली तर ब्रेक कितीही आवळा, चाके जाम होऊन गाडी घसरत राहणार.

म्हणून दाते. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची ही पद्धत. दोन रुळांच्या मधोमध दात कापलेल्या पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या बसवतात. ओइगावाला तीन पट्ट्या आहेत. त्यांचे दात एका रेषेत नसून प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीपेक्षा दात्याच्या अंतराच्या एक तृतीयांशाने सरकवलेली असते. इंजिनाखालच्या दातेरी चाकाचा कोणता ना कोणता दात नेहमी पूर्ण बसलेला राहतो, म्हणून धक्के बसत नाहीत आणि एखादा दात तुटला तरी भार दुसऱ्या पट्ट्यांवर जातो. आपल्या निलगिरी रेल्वेवरही हीच पद्धत आहे, फक्त तिथे पट्ट्या दोन आणि चढ साधारण १२ ला १. निलगिरीचा कल्लार ते कुन्नूर टप्पा १८९९ पासून चालतो आहे, तेव्हा हे तंत्र शिकायला जपानलाच जायला हवे असे नाही.

दाते बसवले म्हणजे झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी देखभालीचा हिशेबही पाहावा. साध्या रुळावरून दात्यांवर शिरताना दात दातावर चढला तर खालचे चाक उचलले जाते. म्हणून सुरुवातीचा तुकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो आणि गाडी रांगत आत घ्यावी लागते. रूळ उताराकडे हळूहळू सरकतात, हा प्रत्येक घाटाचा स्वभाव. साध्या मार्गावर ते चार-दोन मिलिमीटर खपून जातात. दात्यांच्या पट्टीच्या जोडावर तेवढीच फट पडली तर दातांचे अंतर बिघडते आणि प्रत्येक फेरीला त्याच जागी ठोका बसतो, म्हणून तिथे स्लीपर जमिनीला जखडून ठेवावे लागतात. इंजिनाची मुख्य चाके झिजली की इंजिन खाली बसते आणि दातेरी चाक पट्टीत जास्त खोल जाते, तेव्हा उंची पुन्हा जुळवावी लागते. पट्टीला ग्रीस लागते आणि मुसळधार पाऊस ते धुऊन नेतो. यातले काहीच अवघड नाही, फक्त रोज करावे लागते आणि करणारी माणसे नेमून ठेवावी लागतात. ‘पीक सीझन’ आणि ‘ऑफ सीझन’ अशी विभागणी दात्यांना कळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घाटवाल्यांना लगेच पटेल. त्या शाखेवर इंजिन नेहमी उताराच्या बाजूला, म्हणजे सेन्झुच्या टोकाला असते. वर जाताना ते गाडी ढकलते आणि चालक सर्वांत पुढच्या डब्यातल्या कक्षातून ती चालवतो. खाली येताना इंजिन पुढे राहून डब्यांना अडवून धरते. जोडणी तुटली तरी डबे इंजिनावरच टेकतात, दरीकडे पळत नाहीत. दात्यांच्या तुकड्यावर विजेचे इंजिनही याच टोकाला जोडतात. गंमत म्हणजे २५ किलोमीटरच्या शाखेत विजेची तार तेवढ्या दीड किलोमीटरवरच आहे. बाकी सगळीकडे डिझेल. आब्ट इचिशिरोला इंजिन जोडायला काही मिनिटे लागतात आणि प्रवासी खाली उतरून ते बघत उभे राहतात. तो थांबाही त्या गाडीच्या आकर्षणाचा भाग झाला आहे.

आपला घाट मात्र दात्यांचा नाहीच. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट ३७ ला १ चढतो, म्हणजे हजारास २७. त्याला पकडीचा साधा रूळ पुरतो. मात्र वजनाचा प्रश्न तिथेही आहे. एका टनाला ३०-३२ किलो जोर धरला तर १२० टनांचे एक इंजिन कोरड्या रुळावर आठशे टनांच्या आसपास ओढेल, आणि मुरगावहून वर जाणारी कोळशाची भरलेली मालगाडी असते पाच हजार टनांच्या घरातली. म्हणून पुढे आणि मागे मिळून इतकी इंजिने लावावी लागतात. मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा, म्हणजे बँकरांचा आवाज कुळ्याच्या लोकांना ओळखीचा आहे. एकेरी मार्गावर अशा गाड्या संथपणे चढत असताना मधल्या वेळात थांबत-थांबत फोटो काढू देणारी पर्यटक गाडी घालायची म्हटली तर ती कोणत्या फटीत घालणार? आणि वेगळा मार्ग टाकायचा तर तो भगवान महावीर अभयारण्यातून जाणार. त्याच घाटातल्या दुपदरीकरणाची वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली, हे विसरून चालणार नाही. माझ्या मते तो विषय तिथेच संपतो. पण ज्यांच्या मते संपत नाही, त्यांच्यासाठी खर्चाचा मुद्दा.

डोंगरातल्या रेल्वेचा मोठा खर्च गाडीवर होत नाही, उतारावर होतो. रुळाच्या वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूला नेणारे गटार हवे आणि ते मिरगाच्या आधी साफ हवे. भिंतीतली पाणी झिरपायची भोके बुजली की आत पाणी साठते आणि भिंतच ढकलली जाते. सुटे दगड जाळीने बांधावे लागतात, जाळीत साठलेले दगड काढावे लागतात, नाहीतर जाळीच ओझ्याने खाली येते. कोकण रेल्वेने हा धडा फार महागात शिकला. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरड आणि दगडांमुळे अपघात झाले, माणसे गेली. त्यानंतर कटिंगांवर जाळ्या आल्या, उतार कमी केले गेले, पावसाळ्यातली गस्त आणि कमी वेगाचे वेळापत्रक कडक झाले. ब्रागांझा घाटातही जुलै २०२३ मध्ये दरड आली. ऑगस्ट २०२४ मध्ये मालगाडीचे डबे घसरले आणि पाठोपाठ दरडीनेही वाहतूक अडवली. रेल्वे मंत्रालयाची तिजोरी मागे आहे म्हणून मार्ग काही दिवसांत मोकळा होतो. एखाद्या पर्यटन कंपनीच्या खात्यातून तो कधी मोकळा झाला असता?

याचे उत्तर ओइगावानेच देऊन ठेवले आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये इकावा शाखेच्या वरच्या टोकाला डोंगर खचला. तो भाग सुरू व्हायला मार्च २०१७ उजाडले. अडीच वर्षे. तिथून प्रवासी किती जातात हे पाहिले तर कोणताही हिशेबनीस म्हणाला असता, सोडून द्या. पण मार्ग वीज कंपनीचा, तोटाही तीच भरून देते, आणि धरणे वर आहेत तोवर तिला त्या दरीत पाय रोवून राहणे भाग आहे. शाखा पुन्हा उभी राहिली.

सप्टेंबर २०२२ मध्ये वादळी पाऊस आला आणि या वेळी फटका बसला खालच्या मुख्य मार्गाला. तो नदीकाठचा, कमी चढाचा, वाफेच्या इंजिनांमुळे जगभर नाव झालेला. पण तो रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या मालकीचा. ठिकठिकाणी माती आणि दगड रुळावर आले, भराव वाहून गेले. डिसेंबर २०२२ मध्ये कानाया ते इएयामा एवढा तुकडा सुरू झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये गाडी एक टप्पा पुढे, कावाने-ओन्सेन-सासामादोपर्यंत गेली. तिथून सेन्झुपर्यंतचा भाग वर्षानुवर्षे बंद राहिला. पैसा कंपनीने किती द्यायचा, गावांनी किती, प्रांताने किती, यावर बैठका होत राहिल्या.

परिणाम विचित्र झाला. वरची अवघड शाखा चालू, आणि तिला उरलेल्या जपानशी जोडणारा सोपा मार्ग तुटलेला. सेन्झुला बसने किंवा मोटारीने जावे लागते. वाफेच्या इंजिनांचीही पंचाईत झाली. वरच्या टोकाला इंजिन फिरवायची चकती होती सेन्झुला, ती बंद भागात अडकली. सासामादोहून परतताना मागे लावलेले विजेचे इंजिन गाडी खाली ओढून नेते आणि वाफेचे इंजिन शेपटीला उलटे लटकत येते. तिकीट वाफेचे असले तरी परतीचे काम विजेचे.

म्हणजे ज्या मार्गाला प्रवासी जास्त, नाव जास्त, तो अडला. ज्या मार्गामागे तोटा सोसणारे धरण होते तो चालला. ‘खासगी रेल्वे डोंगरात यशस्वी होते’ हे विधान ओइगावाच्या नावाने करणाऱ्यांनी हा क्रम उलट वाचला आहे. नेरळ-माथेरानची गाडीसुद्धा १९०७ मध्ये खासगी पैशातून उभी राहिली. २०१९ च्या पावसाने तिचा मार्ग वाहून नेला तेव्हा तो दुरुस्त केला मध्य रेल्वेने आणि नेरळहून पूर्ण गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडले.

आपल्या घाटाचा इतिहासही काही वेगळा नाही. १८८८ मध्ये सुरू झालेला हा मार्ग लंडनच्या खासगी कंपनीने बांधला. कंपनीचे नाव होते ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’. नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द शोभेचा नव्हता. भांडवलावरच्या परताव्याची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती आणि तोटा लिस्बनच्या तिजोरीतून भरला जात होता. पुढे १९०२ मध्ये मार्ग चालवायचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले. कंपनी खासगी आणि हमी सरकारी, हा प्रकार आपल्या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलेला आहे.

तरीही सरकारला एखादी छोटी डोंगरगाडी, रोपवे किंवा तत्सम काही खासगी कंपनीकडून करून घ्यायचेच असेल, तर निविदेच्या मसुद्यात एक गोष्ट पांढऱ्यावर काळे करून घ्यावी. डबे किती, खिडक्या केवढ्या, तिकीट किती हे सगळे मागाहून ठरले तरी चालेल. रुळाच्या वरचा उतार कोणाच्या मालकीचा, त्याची गटारे दरवर्षी कोण साफ करणार, दरड कोसळल्यावर पहिल्या दिवसापासून यंत्रे कोण लावणार आणि मार्ग किती महिने बंद राहिला तर खर्च कोणाच्या माथी, हे आधी लिहिले जावे. अशा कामासाठी कंपनीकडून वेगळी ठेव सुरुवातीलाच घ्यावी आणि ती तिकीटविक्रीशी जोडू नये, कारण दरड येते तेव्हा तिकीटविक्री आधीच बंद पडलेली असते. जमीन वनखात्याची, उतार कोणाचाच नाही आणि गाडी कंपनीची, अशी वाटणी झाली तर पहिल्याच मोठ्या पावसाला तिन्ही पक्ष एकमेकांना पत्रे लिहीत बसतील.

आणि तोपर्यंत दूधसागर पाहायचा तर कुळ्याच्या जीपवाल्यांची सोय पाऊस ओसरला की सुरू होतेच. पावसात रुळावरून चालत जायला बंदी आहे, ती पाळावी. घाटात उतरणारी गाडी हजार टनांवरची असते आणि बोगद्यात बाजूला सरकायला जागा नसते.

आपला,
एक नियमित वाचक
कुळे, धारबांदोडा